फॅमिली डॉक्टरांना गाईडलाईन शिकवायचीय? हॉल बुक करायच्या आधी हे वाचा

आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) ब्रँचचं सीएमईचं, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाचं, काम यावर्षी तुमच्याकडे आलंय, किंवा एखाद्या संस्थेत कोऑर्डिनेटर म्हणून नुकतेच लागलात आणि वरून सांगितलंय की तालुक्यातल्या जीपींना, म्हणजे फॅमिली डॉक्टरांना, ट्रीटमेंट गाईडलाईन (कुठल्या आजाराला काय उपचार द्यायचा याच्या ठरलेल्या सूचना) शिकवा. अशा वेळी पहिला विचार येतो तो हॉल, प्रोजेक्टर, शहरातून बोलावलेला मोठा कन्सल्टंट आणि नंतर जेवण. थांबा जरा. एवढ्यानेच भागलं असतं तर हे काम केव्हाच होऊन गेलं असतं.

मुंबईचंच उदाहरण घ्या. १९९१ साली धारावी भागातल्या खाजगी डॉक्टरांचा अभ्यास छापून आला, १०० डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या पद्धतीने औषधं लिहिली होती. मग १९९७ पासून सरकारचा सुधारित टीबी कार्यक्रम सुरू झाला, डॉट्स (टीबीचं औषध समोर बसवून देण्याची पद्धत) घराघरात माहीत झालं, ट्रेनिंगं झाली, पुस्तिका वाटल्या. मुंबईचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परत तसंच विचारलं, ते २०१० मध्ये छापून आलं, तेव्हा १०६ डॉक्टरांकडून ६३ वेगवेगळी प्रिस्क्रिप्शनं आली आणि पूर्ण बरोबर होती फक्त ६. म्हणजे मधल्या वीस वर्षांत माहिती भरपूर वाढली, चिठ्ठी मात्र फारशी बदलली नाही.

याहून महत्त्वाचा मला २०२४ मधला अभ्यास वाटतो, कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ छोट्या शहरांतला. लहान मुलाला जुलाब झाले तर ओआरएस (जलसंजीवनी) द्यायचं हे जवळपास प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं, तरी देत का नाहीत हे त्यांनी बनावट पेशंट पाठवून शोधलं. न देण्यामागे औषध संपलेलं असण्याचा वाटा ६ टक्के निघाला, दुसरी औषधं विकून मिळणाऱ्या पैशाचा ५ टक्के, आणि "पेशंटला ओआरएस नकोच असतं" या डॉक्टरच्या समजुतीचा वाटा तब्बल ४२ टक्के. आणि पेशंटने स्वतःच सांगितलं की ओआरएस चालेल, तर लिहून देण्याचं प्रमाण टक्केवारीच्या २७ अंकांनी वर गेलं!

हे आकडे नीट डोक्यात ठेवा, कारण पुढची सगळी पद्धत यावरच उभी आहे. समोरच्या डॉक्टरला कळत नाही असं धरून गेलात तर काम फसलंच म्हणून समजा. त्याला बहुतेक वेळा कळत असतं, पण समोर बसलेल्या आईचा चेहरा, बाहेरची रांग, शेजारचा दवाखाना आणि "डॉक्टरच्या हाताला गुण नाही" असं होईल ही भीती, या सगळ्यात ते बरोबर करणं त्याला जड जातं. आपल्याला ते हलकं करायचंय.

पायरी १: एकच विषय, तोही एका वाक्यात

"अँटिबायोटिकचा योग्य वापर" हा विषय नाही, ते घोषवाक्य झालं. विषय असा हवा: पाच वर्षांखालच्या मुलाला रक्त न पडणारे पाण्यासारखे जुलाब असतील तर ओआरएस आणि झिंक द्यायचं, अँटिबायोटिक द्यायचं नाही. बस. एवढं एकच वाक्य घेऊन सहा महिने फिरायचं.

निवडताना मी चार गोष्टी बघते. तो आजार जीपीच्या ओपीडीत रोज येतो का, गाईडलाईन त्याबद्दल स्पष्ट आहे का, आत्ता जे चाललंय त्यात आणि गाईडलाईनमध्ये खरंच फरक आहे का, आणि डॉक्टरला हे स्वतःच्या टेबलावर बसून, महागडी तपासणी न करता करता येईल का. जुलाब चारही बाबतीत बसतात म्हणून पुढे तेच उदाहरण घेतलंय, पण बीपी घेतलं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवणं घेतलं, तरी चालतं.

पायरी २: आधी दवाखान्यात जाऊन बसा

ही पायरी सगळेच टाळतात. कृपा करून टाळू नका. चार-पाच वेगवेगळ्या डॉक्टरांना फोन करून विचारा की सर, एक सकाळ तुमच्या ओपीडीत कोपऱ्यात बसू का, तुमची अडचण समजून घ्यायचीय. बहुतेक जण हो म्हणतात, उलट बरं वाटतं त्यांना, कारण त्यांना शिकवायला सगळे येतात पण त्यांचं ऐकायला कोणी येत नाही. पेशंटसमोर डॉक्टरांनी तुमची ओळख करून द्यावी आणि पेशंट नको म्हणाला तर तुम्ही बाहेर थांबावं, एवढं पाळा.

तिथे काय बघायचं? एका पेशंटला किती मिनिटं मिळतात. औषधं दवाखान्यातूनच पुड्या बांधून दिली जातात की चिठ्ठी बाहेरच्या मेडिकलला जाते, कारण पुड्यावाल्या दवाखान्यात फी आणि औषध एकत्रच असतं आणि तिथे "औषध नको, फक्त पाणी पाजा" म्हटलं की पैसे कशाचे घेतले असा प्रश्न पेशंटच्या मनात येतो. ओआरएसची पाकिटं कपाटात आहेत का. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या पेशंट घेऊन येतात, त्यात काय लिहिलेलं असतं. आणि कान उघडे ठेवा: "साहेब, लवकर बरं होईल असं काहीतरी द्या", "उद्या मजुरीला जायचंय, पोराला घेऊन किती बसू", "मागच्या वेळी सलाईन लावली तेव्हा टवटवीत झाला होता". ही वाक्यं जशीच्या तशी वहीत लिहून घ्या, ती पुढे सोन्यासारखी उपयोगी पडतात.

डॉक्टरला शेवटी एकच प्रश्न विचारायचा: हे गाईडलाईनप्रमाणे करायचं ठरवलं तर नक्की कुठे अडतं? मग शांत बसायचं.

पायरी ३: आत्ता काय चाललंय ते मोजा

मोजल्याशिवाय सुरू केलंत तर सहा महिन्यांनी फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही. आपल्याकडे अडचण अशी की बऱ्याच दवाखान्यांत रेकॉर्डच नसतं, कॉम्प्युटर तर लांबच. त्यामुळे साधं ठेवा. एक कागद, वीस ओळी, पाच रकाने: वय, रक्त होतं का, ओआरएस, झिंक, अँटिबायोटिक. पेशंटचं नाव नको. डॉक्टरने किंवा कंपाउंडरने पुढच्या वीस जुलाबाच्या मुलांसाठी फक्त टिक करायच्या.

माणूस बघतोय म्हटल्यावर थोडं बरोबरच वागतो, त्यामुळे हे आकडे खऱ्यापेक्षा थोडे चांगले येणार हे धरून चाला. मुंबई आणि पाटण्यात टीबीवर जो मोठा अभ्यास २०१८ मध्ये छापला गेला, त्यात यासाठीच शिकवून तयार केलेले बनावट पेशंट दवाखान्यात पाठवले होते आणि बरोबर हाताळणी साधारण ३५ टक्के भेटींमध्येच दिसली. आपल्याला तसं करायची गरज नाही, त्याला नैतिक परवानगी लागते आणि विश्वास तुटायचा धोकाही असतो. टिकचा कागद पुरे.

आणि पहिल्याच दिवशी शब्द द्या की कुणाचा आकडा दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, मेडिकल कौन्सिलला नाही, सरकारी अधिकाऱ्याला नाही, ब्रँचच्या ग्रुपवर तर मुळीच नाही. आणि तो शब्द पाळा.

पायरी ४: गाईडलाईनचं एक पान करा

दोनशे पानी पीडीएफ व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करून काही होत नाही, ती उघडलीच जात नाही. आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०१९ पासून स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो काढलेत, एका आजाराला एक-दोन पानं, फ्लोचार्टसारखी, फुकट मिळतात, सुरुवात तिथून करा. टीबीसाठी राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या सूचना घ्या. बीपीसाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हचा प्रोटोकॉल बघा, आपल्याकडे सिंधुदुर्ग, सातारा, वर्धा, भंडारा हे त्याचे पहिले जिल्हे. तो मला आदर्श वाटतो कारण त्यात औषधाचं नाव आणि डोस ठरवून दिलाय, अमलोडिपिन ५ ने सुरू करा, महिन्याने बघा, १४०/९० च्या खाली आलं नाही तर पुढची पायरी. "योग्य ते औषध निवडावे" असली मोघम वाक्यं त्यात नाहीत.

जुलाबाच्या पानावर साधारण एवढं पाहिजे. रक्त नसलेले पाण्यासारखे जुलाब: ओआरएस, प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखाली ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली, वाटी-चमच्याने थोडं थोडं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. झिंक १४ दिवस, सहा महिन्यांवर रोज २० मिलीग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच. ओफ्लॉक्स-ऑर्निडाझोलसारखी अँटिबायोटिक सिरपं नाहीत, लोपरामाइड (जुलाब थांबवायचं औषध) लहान मुलांना अजिबात नाही. मग ठळक चौकटीत धोक्याच्या खुणा: डोळे खोल गेलेत, पोटाची चिमटी घेतल्यावर कातडी सावकाश जाते, मूल सुस्त आहे किंवा पीतच नाही, शौचात रक्त, दोन महिन्यांखालचं बाळ, खूपच कुपोषित मूल, जुलाबाला १४ दिवस झालेत, किंवा गावात कॉलराचा संशय आहे. यांचा रस्ता वेगळा, आणि त्यापुढे कुठे पाठवायचं त्या ठिकाणाचा फोन नंबर. अँटिबायोटिक कधी लागतं हेसुद्धा लिहा, नाहीतर लोकांना वाटतं तुम्ही सरसकट बंदीच घालताय.

पान छापायच्या आधी एक काम. तालुक्यातल्या बालरोगतज्ज्ञांना एकत्र बसवून त्यांची त्यावर सही घ्या. जीपी पुस्तकापेक्षा जास्त त्यांच्या चिठ्ठीकडे बघून शिकत असतो. तुम्ही एक सांगताय आणि पेशंट ज्या मोठ्या डॉक्टरकडून परत येतो त्याच्या चिठ्ठीत तीन अँटिबायोटिक आहेत, मग तुमचं कोण ऐकणार? आणि एवढ्यावर जर स्थानिक तज्ज्ञच एकमताने येत नसतील तर तो विषय सोडा, दुसरा घ्या.

पायरी ५: मीटिंग

मीटिंग घ्या, पण छोटी. बारा-पंधरा जण. जीपीचा दिवस सकाळी दहा ते दीड-दोन आणि संध्याकाळी सहा ते रात्री साडेनऊ-दहा असा असतो, त्यामुळे दुपारी तीन ते साडेचार किंवा रविवारी सकाळ हीच खरी वेळ, रात्री दहाला दमून आलेल्या माणसाला शिकवू नये. औषध कंपनीचा पैसा घेऊ नका. जुलाबाच्या मीटिंगला अँटिबायोटिक बनवणारी कंपनी जेवण देतेय हे बघायलाही बरं दिसत नाही, आणि चहा-पोहे ब्रँचला परवडतात.

बोलवायचं कुणाला? जे प्रत्यक्षात पेशंट बघतात त्या सगळ्यांना. गावागावात बीएएमएस (आयुर्वेद) आणि बीएचएमएस (होमिओपॅथी) डॉक्टरच पहिला आधार आहेत, त्यांना वगळून घेतलेलं ट्रेनिंग निम्म्या मुलांपर्यंत पोचतच नाही. यावरून ब्रँचमध्ये वाद होतात हे मला माहितीय, पण मुलाच्या शरीरातलं पाणी कमी होताना ते पदवी बघत नाही.

लेक्चर दहा मिनिटं. उरलेला वेळ केसेस. "सव्वा वर्षाचा मुलगा, कालपासून आठ जुलाब, ताप नाही, खेळतोय, आजी म्हणतेय सुई द्या. काय लिहाल?" प्रत्येकाने आधी स्वतःच्या कागदावर प्रिस्क्रिप्शन लिहायचं, मग बोलायचं. मग दोघादोघांनी डॉक्टर आणि आजी बनून बोलून बघायचं, वहीत लिहून आणलेली ती वाक्यं इथे वापरा. सुरुवातीला संकोचतात, पाच मिनिटांत खोली गजबजते, आणि पन्नाशीतले डॉक्टर अशा वेळी जे सांगतात ते तरुणांना कुठल्याच पुस्तकात मिळत नाही.

क्रेडिट पॉइंटची सोय जमली तर करा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० लागतात, अर्ज आधी करावा लागतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या कौन्सिली वेगळ्या, त्यांचे नियम तिथे विचारा.

पायरी ६: मीटिंगनंतर दवाखान्यात परत जा

आख्ख्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळ्यात कंटाळवाणीही हीच. हार्वर्डच्या जेरी ॲव्हॉर्न आणि स्टीफन सुमेराय यांनी अमेरिकेतल्या चार राज्यांत एक प्रयोग केला, तो १९८३ मध्ये छापला गेला. औषध कंपन्या एमआर (आपले विक्री प्रतिनिधी) पाठवून डॉक्टरची चिठ्ठी बदलू शकतात, मग चांगली माहिती द्यायला त्याच पद्धतीने माणूस पाठवला तर? काही डॉक्टरांना नुसती छापील माहिती टपालाने पाठवली, काहींना माहितीसोबत प्रशिक्षित फार्मासिस्ट प्रत्यक्ष जाऊन भेटले. जिथे माणूस गेला तिथे नको असलेली औषधं १४ टक्क्यांनी घटली. नुसता कागद गेला तिथे काहीच फरक पडला नाही.

पुढे अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा चिठ्ठीतला फरक साधारण ५ टक्क्यांच्या आसपास निघाला, मीटिंगांमुळे ६-७ टक्के, आकडे दाखवल्यामुळे ४ टक्क्यांच्या थोडं वर. जादूची कांडी कुठलीच नाही. म्हणून एकच गोष्ट करून थांबायचं नाही, तीन-चार एकावर एक रचायच्या. आणि आकडे छोटे दिसले तरी निराश होऊ नका, एक डॉक्टर वर्षाला शेकडो मुलं बघतो.

भेट दहा मिनिटांची ठेवा, एमआर ज्या वेळेला येतात त्याच वेळेला. ते एक पान टेबलाच्या काचेखाली सरकवा. "मागच्या आठवड्यात जुलाबाचं कोणी आलं होतं का सर, काय झालं?" इथून सुरू करा. त्याने अँटिबायोटिक दिलं असेल तर कोर्टातल्यासारखं उलट तपासू नका, का द्यावंसं वाटलं ते ऐका, त्यातलं जे खरं आहे ते मान्य करा, आणि एकच गोष्ट मागा: पुढच्या पाच मुलांना आपण ठरवल्याप्रमाणे देऊन बघाल का, मी तीन आठवड्यांनी येते. आणि तीन आठवड्यांनी जा म्हणजे जाच. एखादा डॉक्टर म्हणेल "मी पंचवीस वर्षं प्रॅक्टिस करतोय", तर त्याच्याशी वाद घालू नका, त्यालाच पुढच्या मीटिंगला धोक्याच्या खुणा शिकवायला बोलवा. अशी माणसं मनावर घेतात तेव्हा तुमच्यापेक्षा दहापट काम करतात.

पायरी ७: पेशंटची बाजू सांभाळा

४२ टक्केवाला आकडा आठवतोय ना? इथेच तो कामाला येतो. डॉक्टरच्या हातात तयार वाक्यं द्या. "अँटिबायोटिक लागत नाही" असं नकाराने संपवलं की आई नाराज होते. त्याऐवजी: "बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय, ते भरून काढणारं हे औषध आहे, हे पाजलं तर सलाईनची वेळ येणार नाही. जुलाब दोन-तीन दिवस होतील, ते अपेक्षितच आहे. या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या, पुढच्या वेळी पोट लवकर बिघडणार नाही. तो सुस्त झाला किंवा पिईना तर रात्रीसुद्धा मला फोन करा." यात आईला औषध मिळालं, कारण मिळालं आणि आधारही मिळाला. ओआरएस कंपाउंडरने तिथेच तिच्यासमोर कालवून पहिले चार चमचे पाजून दाखवले तर आणखी छान, त्यामुळे कंपाउंडर आणि सिस्टर यांनाही अर्धा तास शिकवा.

भिंतीवर मराठीत पोस्टर लावा, पण संस्थेचं छापील नको. त्यावर त्या डॉक्टरचा स्वतःचा फोटो आणि सही हवी: "मी गरज नसताना अँटिबायोटिक देत नाही, तुमच्या मुलाच्या भल्यासाठी." लॉस एंजेलिसमध्ये असा एक छोटा प्रयोग झाला होता, तो २०१४ साली छापून आला, तिथे सहीचं पोस्टर लावलेल्या डॉक्टरांची अनावश्यक अँटिबायोटिकं बाकीच्यांच्या तुलनेत टक्केवारीच्या जवळपास २० अंकांनी कमी झाली. खर्च किती, तर एका कलर प्रिंटचा.

मेडिकलवाल्यांना विसरू नका. ओआरएस म्हणून गोड टेट्रापॅक हातात देणं सर्रास चालायचं, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी जाऊन बघा, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं आहे का, मोठं पाकीट एक लिटरला आणि छोटं २०० मिलीला हे काउंटरवरच्या मुलाला सांगता येतं का, झिंक स्टॉकमध्ये आहे का. चिठ्ठी बरोबर आणि दुकानात झिंकच नाही, यासारखं वाईट काही नाही.

पायरी ८: आकडा परत द्या

तीन महिन्यांनी पुन्हा वीस ओळींचा कागद भरून घ्या आणि प्रत्येक डॉक्टरला बंद पाकिटात त्याचं स्वतःचं पत्र द्या. तुमच्या २० पैकी इतक्या मुलांना ओआरएस-झिंक मिळालं, आपल्या गटाची सरासरी इतकी, सगळ्यात चांगल्या दवाखान्यांत इतकं. इंग्लंडमध्ये जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या प्रॅक्टिसेसना तिथल्या चीफ मेडिकल ऑफिसरच्या सहीने पत्र गेलं होतं, की तुमच्या भागातल्या ८० टक्के प्रॅक्टिसेस तुमच्यापेक्षा कमी लिहितात. त्या एका पत्राने सहा महिन्यांत ३.३ टक्के घट झाली. तेव्हा पत्रावर सही कुणाची हे बघा: तुमची नको, ज्यांचा तालुक्यात मान आहे अशा ज्येष्ठ डॉक्टरांची घ्या.

पत्रात टोमणा नको, आकडा आणि पुढे काय करायचं एवढंच. ज्याचा आकडा खाली आहे त्याला पत्राच्या दुसऱ्याच दिवशी भेटा, एकटं सोडू नका.

पायरी ९: पुढचा विषय

सहा महिन्यांनी, पावसाळा एक तरी मध्ये येऊन गेल्यावर, दुसरा विषय घ्या. टीबी घेणार असाल तर सगळ्यात आधी एकच वाक्य: दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लेवोफ्लॉक्ससारखं क्विनोलोन गटातलं अँटिबायोटिक सुरू करू नका, कारण त्याने तात्पुरतं बरं वाटतं आणि टीबी सापडायला उशीर होतो, थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबी शोधणाऱ्या तपासणीला पाठवा. टीबीच्या पेशंटची निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं २०१२ पासून बंधनकारकच आहे, पण ते फॉर्म भरायला जीपीला वेळ नसतो, तेव्हा टीबी युनिटच्या माणसाचा नंबर त्याच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या आणि त्याच्यासमोर एकदा फोन लावून ओळख करून द्या. नोंदीचे ५०० आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर ५०० असे डॉक्टरला मिळतात, पेशंटलाही पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, हे बऱ्याच दवाखान्यांत अजून नीट माहीत नाही.

जुलाबाचं पान मात्र काचेखालून काढायचं नाही. नव्या विषयासाठी गेलात की जुन्याची वीस ओळींची यादीही वर्षातून एकदा, शक्यतो जुलैमध्ये, भरून घ्या. आणि जे डॉक्टर नवीन दवाखाना टाकतात त्यांच्याकडे पहिल्याच महिन्यात ते पान घेऊन जा, एमआर पोचायच्या आत.